कंपन्या भाषा फुकट का वाटतात आणि तुम्ही कोणती धरावी

प्रिय वाचक,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र लांब आहे, म्हणून इतरांसाठी त्याचा गोषवारा आधी देतो. तुम्ही पाच वर्षं अँड्रॉइडची ॲप्स करताय, सुरुवातीला जावात आणि आता कोटलिनमध्ये. ऑफिसने नवं ॲप फ्लटरमध्ये करायचं ठरवलंय, म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही. तुमचे सीनियर म्हणतात, "गूगल हे आज ना उद्या बंद करणार, त्यात आयुष्य घालवू नकोस." त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. एवढ्या मोठ्या कंपन्या शेकडो इंजिनीअर पोसून अशा भाषा बनवतात आणि फुकट देतात, त्यात त्यांचं काय हित? फ्लटरवर विसंबावं का? आणि आजवर शिकलेलं वाया जाणार का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नीट समजलं तर दुसऱ्याचं तुमचं तुम्हीच काढाल. म्हणून जास्त जागा त्यालाच देतो.

नदीवर होडी चालवणारा माणूस पुलासाठी वर्गणी देत नाही. पलीकडच्या काठावर ज्याची जमीन आहे, तो देतो. सगळीकडे चालणाऱ्या भाषांचा इतिहास बराचसा याच हिशोबाने उलगडतो. ज्या कंपनीच्या हाती लोकप्रिय प्लॅटफॉर्म असतो, तिला डेव्हलपरने तिथेच अडकून राहावं असं वाटतं. ज्या कंपनीचा पैसा दुसरीकडून येतो, तिला तो अडसर मोडायचा असतो, आणि भाषा हे त्यासाठी फार प्रभावी हत्यार आहे.

जावाचंच घ्या. सन मायक्रोसिस्टिम्सने ती १९९५ मध्ये जगासमोर आणली. जेम्स गॉसलिंग आणि त्यांचे सहकारी १९९१ पासून त्यावर काम करत होते, तेही मुळात घरगुती उपकरणं डोळ्यांसमोर ठेवून. सनचा धंदा होता वर्कस्टेशन आणि सर्व्हर विकण्याचा. टेबलावरचा जवळपास प्रत्येक संगणक मात्र विंडोजवर चालत होता. लोक विंडोज घेत कारण सॉफ्टवेअर विंडोजसाठी होतं, आणि सॉफ्टवेअर विंडोजसाठी लिहिलं जाई कारण लोकांकडे विंडोज होतं. हे चक्र चांगली ऑपरेटिंग सिस्टीम बनवून तुटण्यासारखं नव्हतं. एकदा लिहिलेला प्रोग्राम कुठल्याही यंत्रावर चालला तर मात्र खाली कोणती सिस्टीम आहे याला किंमत उरणार नव्हती, आणि मग सनच्या यंत्रांनाही विंडोजइतकीच संधी मिळणार होती. जावा फुकट देण्यामागे हे गणित होतं.

मायक्रोसॉफ्टला ते पुरतं कळलं होतं. त्यांनी १९९६ मध्ये जावाचा परवाना घेतला आणि आपल्या आवृत्तीत फक्त विंडोजवर चालतील अशा गोष्टी घातल्या. त्या वापरून लिहिलेला प्रोग्राम दुसरीकडे चालेना, म्हणजे जावाचा मूळ उद्देशच बाद. सनने १९९७ मध्ये खटला भरला. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने २ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. २००४ मध्ये दोन्ही कंपन्यांमध्ये जी मोठी तडजोड झाली, तीत मायक्रोसॉफ्टने सनला जवळपास २ अब्ज डॉलर दिले. अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर जो मक्तेदारीचा खटला चालवला, त्यात न्यायालयाने १९९९ च्या निष्कर्षांत नेटस्केपच्या ब्राउझरबरोबर जावाचाही उल्लेख विंडोजच्या मक्तेदारीला असलेला धोका म्हणून केला. एका प्रोग्रॅमिंग भाषेचं नाव मक्तेदारीच्या निकालपत्रात येतं, यावरून तिचं व्यापारी वजन तुमच्या लक्षात येईल.

सनचं पुढे काय झालं, हेही पाहिलं पाहिजे. जावा जगभर पसरली, पण सन टिकली नाही. ओरॅकलने ती सुमारे ७.४ अब्ज डॉलरला घेतली, व्यवहार २०१० मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी ओरॅकलने अँड्रॉइडमधल्या जावा एपीआयवरून, म्हणजे प्रोग्रॅमरने वापरायच्या जावाच्या ठरावीक आज्ञांच्या संचावरून, गूगलला कोर्टात खेचलं. तो खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०२१ मध्ये गूगलच्या बाजूने संपला. मधल्या दहा-अकरा वर्षांत जावाचे प्रोग्रॅमर मात्र कामाला लागलेलेच होते. भाषेचा मालक बदलला, भांडणं झाली, भाषा चालू राहिली. कारण तोवर तिच्यावर इतक्यांचे धंदे उभे होते की ती कुणा एकाची राहिलीच नव्हती. ॲमेझॉनचंच बघा. त्यांच्या क्लाउडवर, म्हणजे भाड्याने दिलेल्या सर्व्हरवर, असंख्य ग्राहकांची जावा चालते. ओरॅकलने आपल्या आवृत्तीचे परवाने बदलायला घेतले तेव्हा, २०१८ मध्ये, ॲमेझॉनने कोरेट्टो ही स्वतःची मोफत आवृत्ती काढली. ग्राहक जावावरून हटला तर क्लाउडचं भाडं जाईल, त्यापेक्षा जावाची देखभाल करणं स्वस्त.

आता मायक्रोसॉफ्टची दुसरी बाजू, कारण मला ती सगळ्यांत बोलकी वाटते. सी शार्प ही भाषा आणि तिचे प्रोग्राम चालवणारी डॉट नेट ही चौकट त्यांनी २००० मध्ये जाहीर केली. भाषेचे शिल्पकार अँडर्स हेल्सबर्ग, ज्यांनी आधी टर्बो पास्कल आणि डेल्फी घडवलं होतं. रचना अशी होती की तत्त्वतः ती कुठेही चालू शकली असती, पण कंपनीने ती विंडोजपुरतीच ठेवली. लिनक्सवर ती आणण्याचं काम मोनो प्रकल्पाने, मिगेल दे इकाझा यांच्या पुढाकाराने, बाहेरून केलं. मग २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच मायक्रोसॉफ्टने डॉट नेटचा गाभा खुला केला, २०१६ मध्ये लिनक्स आणि मॅकवर चालणारी डॉट नेट कोअरची पहिली आवृत्ती आणली आणि त्याच वर्षी मोबाइलसाठीची झामारिन कंपनी विकत घेतली.

हे हृदयपरिवर्तन होतं असं मी मानत नाही. मधल्या काळात पैशाचा झरा सरकला होता. मोबाइलची लढाई ते हरले होते आणि वाढ येत होती ॲझूर या क्लाउडमधून. तिथे ग्राहकाने विंडोज चालवलं काय किंवा लिनक्स चालवलं काय, भाडं मायक्रोसॉफ्टलाच. सी शार्पचा प्रोग्रॅमर लिनक्ससाठी दुसऱ्या भाषेकडे गेला, तर तो ॲझूर सोडण्याची शक्यता जास्त. तेव्हा जी कंपनी १९९७ मध्ये कुठेही चालणाऱ्या भाषेला अडवत होती, तीच २०१४ मध्ये स्वतःची भाषा कुठेही चालावी म्हणून धडपडू लागली. हिशोब बदलला होता.

फेसबुकची गोष्ट वेगळ्या अंगाने याच वळणावर येते. फोनची ऑपरेटिंग सिस्टीम त्यांच्याकडे नाही. ॲपल आणि गूगल म्हणतील त्या नियमांनी राहावं लागतं. सुरुवातीला त्यांनी वेबची एचटीएमएल ५ पानंच ॲपमध्ये बसवली. ॲप मंद झालं, लोक वैतागले, आणि २०१२ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी जाहीरपणे सांगितलं की एचटीएमएल ५ वर एवढी भिस्त ठेवणं ही कंपनीची सगळ्यांत मोठी चूक होती. मग नेटिव्ह, म्हणजे त्या-त्या फोनच्या स्वतःच्या भाषेतली, ॲप्स लिहिली गेली, पण प्रत्येक गोष्ट दोनदा करण्याचा खर्च समोर आला. २०१५ मध्ये आलेलं रिॲक्ट नेटिव्ह ही त्यावरची तोड आहे. वेबच्या जावास्क्रिप्ट या भाषेत लिहायचं, पडद्यावर मात्र त्या-त्या फोनची खरी बटणं आणि याद्या येतात.

यात तुम्ही विचारलेल्या 'फुकट का' याचाही खुलासा आहे. दोन टीम्स तेच फीचर लिहितात तेव्हा खर्च दुप्पट होतो, हे उघड आहे. त्याहून त्रासाचं म्हणजे दोन्हीकडचं वागणं हळूहळू वेगळं होत जातं. एकीकडे सवलतीचा हिशोब करताना रक्कम खाली पूर्णांकात आणतात, दुसरीकडे वर. एकीकडे बग सुटतो, दुसरीकडे सहा महिने राहतो. एका कोडमुळे हे मिटतं, आणि हजारो इंजिनीअर असलेल्या कंपनीत एवढ्या बचतीतच ती भाषा किंवा फ्रेमवर्क सांभाळणाऱ्या टीमचा पगार निघतो. मग ते घरातच ठेवलं तर नव्या माणसाला प्रत्येक वेळी पहिल्यापासून शिकवावं लागेल. जगाला दिलं तर बाहेरचे लोक शिकून येतात, बग शोधतात, प्लगइन (जोडून वापरायचे तयार भाग) लिहितात. खर्च तर आधीच झालेला असतो, खुलं केल्याने त्याची परतफेड वाढते.

ॲपल या चित्रात दुसऱ्या टोकाला उभी आहे. तिचा पैसा यंत्रांतून आणि तिच्या स्टोअरमधून येतो, म्हणजे होडी तिचीच. २०१० च्या एप्रिलमध्ये तिने नियम केला की आयफोनची ॲप्स मुळातच ऑब्जेक्टिव्ह सी, सी, सी प्लस प्लस किंवा जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली असावीत. मुख्य रोख अडोबीच्या फ्लॅशकडे होता. त्याच महिन्यात स्टीव्ह जॉब्स यांनी फ्लॅशविषयी जाहीर पत्र लिहिलं. त्यातला युक्तिवाद असा की प्लॅटफॉर्म आणि डेव्हलपर यांच्यामध्ये तिसऱ्याचा थर आला की ॲप्सचा दर्जा उतरतो आणि नव्या सोयी त्या तिसऱ्याच्या मर्जीवर अडकतात. सप्टेंबरमध्ये तो नियम सैल झाला. युक्तिवादात ॲपलचा स्वार्थ होता, हे खरंच. पण त्यातला तांत्रिक मुद्दा खोटा नाही, आणि फ्लटर घेताना तुम्हाला तो रोज भेटणार आहे. फ्लटर पडद्यावरचं प्रत्येक चित्र स्वतः काढतं. त्यामुळे दोन्ही फोनवर रूप एकसारखं राहतं, हा फायदा. पण ॲपलने २०२५ मध्ये आयओएस २६ मधली बटणं आणि पट्ट्या यांचं रूपच बदललं, तेव्हा नेटिव्ह ॲप्सना त्यातलं बरंचसं नव्याने बिल्ड केल्यावर मिळालं. फ्लटरच्या ॲप्सना ते आपोआप मिळालं नाही.

आता गूगल, ज्याची तुम्हाला खरी काळजी आहे. गूगलकडे एकच धोरण नाही, म्हणून तिच्याविषयी सरसकट बोलणं फसवं ठरतं. गो ही भाषा रॉबर्ट ग्रिसेमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन यांनी गूगलच्या स्वतःच्या सर्व्हर-सॉफ्टवेअरच्या गरजेतून घडवली आणि ती २००९ मध्ये जाहीर झाली. सर्व्हरवर प्रोग्राम चालवणारी आणि सांभाळणारी डॉकर आणि कुबरनेटिस ही साधनं आज गोमध्ये आहेत, म्हणजे क्लाउडचा मोठा भाग तिच्यावर उभा आहे. तिची चिंता कुणी करत नाही. कोटलिन तर गूगलची नव्हेच. ती जेटब्रेन्सची. कोड लिहिण्याची साधनं विकणारी ही कंपनी आहे, आणि कोटलिनमुळे आपल्या साधनांची विक्री वाढेल अशी अपेक्षा तिने सुरुवातीलाच, २०११ मध्ये, मोकळेपणाने मांडली होती. गूगलने २०१७ मध्ये तिला अँड्रॉइडवर अधिकृत स्थान दिलं.

फ्लटरची ॲप्स ज्या भाषेत लिहितात त्या डार्टचा प्रवास मात्र वळणावळणाचा आहे, आणि तुमच्या सीनियरची भीती तिथूनच येत असावी. २०११ मध्ये डार्ट आली ती जावास्क्रिप्टची जागा घ्यायला. क्रोममध्ये तिचं स्वतःचं इंजिन बसवायचा बेत होता. इतर ब्राउझरवाल्यांनी साथ दिली नाही, आणि २०१५ मध्ये गूगलने तो बेत सोडला. त्या क्षणी डार्टवर विसंबलेल्या माणसाला काय वाटलं असेल, याची मला कल्पना येते. तरी भाषा मेली नाही. दोन गोष्टींनी ती तगली. एक म्हणजे गूगलच्या जाहिरात विभागाने आपल्या ॲडवर्ड्सचा दर्शनी भाग डार्टमध्ये लिहिला होता, आणि गूगलची मुख्य कमाई जाहिरातीतून होते. दुसरी म्हणजे फ्लटर. त्याला अशी भाषा हवी होती जी लिहिताना बदल लगेच दाखवेल आणि शेवटी थेट मशीन कोड देईल. डार्टमध्ये दोन्ही होतं. डिसेंबर २०१८ मध्ये फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती आली, आणि २०२२ पर्यंत वेब, विंडोज, मॅक आणि लिनक्स हेही पक्क्या यादीत आले.

अँड्रॉइडची मालक असलेली कंपनी आयफोनवरही चालेल असं साधन का बनवते, हा प्रश्न तुम्ही पत्रात कंसात टाकलाय. तो कंसात टाकण्यासारखा नाही, चांगला प्रश्न आहे. माझं मत असं: गूगलची मुख्य कमाई फोन विकून होत नाही. जाहिरात, शोध, क्लाउड, नकाशे हे सगळं आयफोनवरही चालतं आणि तिथूनही पैसा येतो. लहान कंपनीला एकच ॲप परवडत असेल तर ती पुष्कळदा आयफोनला आधी हात घालते आणि अँड्रॉइड मागे राहतं. फ्लटरमुळे दोन्ही एकदम येतात. शिवाय असं ॲप करणारा माणूस मागचा डेटाबेस आणि लॉगिनसाठी गूगलचंच फायरबेस घेण्याची शक्यता वाढते, आणि त्याचं बिल गूगल लावते.

तरी सीनियरचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. गूगलने रीडर २०१३ मध्ये बंद केलं, गूगल प्लस २०१९ मध्ये, स्टेडिया २०२३ मध्ये. त्यांचा अनुभव खरा आहे. पण ती सगळी गूगलच्या सर्व्हरवर चालणारी उत्पादनं होती, गूगलने बटण दाबलं की संपली. फ्लटरचा कोड खुल्या परवान्याखाली आहे. गूगलने उद्या माणसं कमी केली तरी तुमचं ॲप त्या दिवशी बंद पडणार नाही. त्रास हळूहळू होईल: नवी आयओएस आली की दुरुस्ती उशिरा येईल, प्लगइन शिळे होतील. या त्रासासाठी तयारी करता येते.

म्हणून कोणत्याही भाषेवर भरवसा ठेवण्याआधी मी पहिल्यांदा बघतो की ती पोसणाऱ्या कंपनीचा पैसा येतो कुठून, आणि ती भाषा त्या पैशाच्या किती जवळ आहे. कंपनी स्वतःचं कमाईचं उत्पादन त्यात चालवते का, हे घोषणांपेक्षा मला महत्त्वाचं वाटतं. फेसबुकचं ॲड्स मॅनेजर रिॲक्ट नेटिव्हमध्ये आलं तेव्हा माझी शंका फिटली होती. मग बघतो, ती कंपनी निघून गेली तर ओझं उचलणारे दुसरे कोण आहेत. रस्ट या भाषेमागे सुरुवातीला फायरफॉक्स ब्राउझरवाली मोझिला होती. २०२१ मध्ये ॲमेझॉन, गूगल, हुआवे, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी मिळून तिच्यासाठी फाउंडेशन उभं केलं, आणि एकाच कंपनीवर अवलंबून राहण्याची भीती खूपच कमी झाली. या कसोट्यांवर फ्लटर मला बरं वाटतं, निर्धास्त वाटत नाही. जाहिरात विभाग हा डार्टचा भक्कम खांब आहे. पण बाहेरून तेवढंच ओझं पेलणारी दुसरी मोठी कंपनी मला दिसत नाही.

तुमच्यासमोर दुसरी वाटही आहे, तिचा तुम्ही ओझरता उल्लेख केलाय: कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म. ती २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये पक्की झाली आणि २०२४ मध्ये गूगलनेही तिला अधिकृत पाठिंबा दिला. त्यात हिशोब, नियम, नेटवर्क हा भाग सामायिक ठेवता येतो आणि पडदे दोन्हीकडे नेटिव्ह. पाच वर्षं कोटलिन-जावात घालवलेल्या माणसाला ही वाट सोपी जाते. ॲपमध्ये कॅमेरा, ब्लूटूथ, पार्श्वभूमीत चालणारं काम जास्त असेल तर मी तीच सुचवेन. फॉर्म, याद्या, पैसे भरणं अशा पडद्यांचं ॲप असेल आणि टीम लहान असेल, तर फ्लटरचा ऑफिसचा निर्णय चुकीचा नाही. एअरबीएनबीने २०१८ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सोडलं, शॉपिफायने २०२० मध्ये तेच जवळ केलं. साधन एकच, पण टीम आणि गरजा वेगळ्या.

राहिलं तुमच्या शिक्षणाचं. ते वाया जात नाही, उलट आता त्याची किंमत वाढेल. फ्लटरच्या टीममध्ये डार्ट लिहिणारे पुष्कळ सापडतात. पण एखादं प्लगइन अँड्रॉइडच्या नव्या आवृत्तीत मोडलं आणि खाली उतरून कोटलिनमध्ये दुरुस्त करायची वेळ आली, की सगळे तुमच्याकडे बघतील. सी शार्पमधून मोबाइल ॲप्स करण्याच्या झामारिनचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये थांबवला तेव्हा ज्यांना सी शार्प आणि खालचा प्लॅटफॉर्म नीट येत होता, त्यांना तिच्या जागी आलेल्या डॉट नेट माऊईकडे जाताना फ्रेमवर्क बदलावं लागलं, पण ज्ञान बदलावं लागलं नाही. ज्यांना फक्त झामारिनच्या वरवरच्या पायऱ्या पाठ होत्या, त्यांचे हाल झाले. तेव्हा डार्ट शिकाच, आणि जोडीला ॲपलची स्विफ्ट ही भाषाही थोडी शिका. एवढं की आयफोनच्या बाजूची चूक वाचून कळेल आणि एक्सकोड या ॲपलच्या साधनात बिल्ड सही करून पाठवता येईल.

प्रकल्प सुरू होण्याआधी ऑफिसमध्ये दोन आग्रह धरा. हिशोबाचे नियम विजेटमध्ये, म्हणजे पडदा बनवणाऱ्या तुकड्यांमध्ये, मिसळू देऊ नका. ते साध्या डार्टच्या वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवा, म्हणजे उद्या पडदे बदलायचे झाले तर गाभा आणि त्याच्या चाचण्या हाताशी राहतील. आणि जी बाहेरची प्लगइन घ्याल, त्यांची यादी करून प्रत्येकापुढे लिहा की ती कोण सांभाळतं, शेवटचं रिलीज कधीचं आणि ती बंद पडली तर टीममधलं कोण ती दुरुस्त करेल. शेवटचा रकाना बहुतेक ओळींवर रिकामा दिसला, तर कमी प्लगइन घ्या किंवा वेळापत्रकात महिना वाढवून मागा. ती यादी सीनियरसोबत बसून करा. काय-काय बंद पडू शकतं याचा विचार त्यांनी तुमच्याआधीच केलेला दिसतोय.

तुमचा,
सल्लागार